मोगऱ्याला कात्री लावण्याचे दिवस

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या गच्चीवरील मोगऱ्याच्या चारही कुंड्या मी ओक्याबोक्या करून टाकते, आणि दर वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला वर आल्या की "अगं, झाडांना कीड लागली का?" असे काळजीने विचारतात. कीड लागलेली नसते. मार्च ते जून या काळात याच काटक्यांवर ओंजळ ओंजळ फुले यावीत, म्हणून केलेली ती छाटणी असते.

हे शहाणपण मला उशिरा आले. नऊ वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी पहिले रोप आणले, तेव्हा ते कळ्यांनी लगडलेले होते. पुढल्या वर्षी मात्र त्याला लांबच लांब, वेलीसारख्या लोंबणाऱ्या फांद्या आल्या, पाने हिरवीगार झाली आणि फुले मोजून सहा. झाडाला पोषण कमी पडत असावे, असे समजून मी शेणखत वाढवले, ते पुरेना म्हणून चिमूटभर युरियाही घातला. नत्र वाढले की झाड पानांच्या मागे लागते, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती, त्यामुळे तिसऱ्या वर्षी पाने आणखी तुकतुकीत झाली आणि फुले दोनच आली. त्याच हिवाळ्यात वसईकडचे मामेसासरे घरी आले होते. त्यांच्या वाडीत पूर्वीपासून मोगरा आहे. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, कात्री मागितली आणि म्हणाले, "माया पुष्कळ केलीस, आता जरा हात कडक कर."

त्यांनी सांगितलेले मर्म एका वाक्याचे आहे: मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर धरते. जुन्या, तपकिरी झालेल्या फांदीला स्वतःला कळी येत नाही. तिच्यावर जितके नवे धुमारे फुटतील तितके कळ्यांचे झुपके, असा सरळ हिशेब असतो. थंडीत झाड विसावलेले असते. त्या वेळी ते छाटले की ऊन तापू लागताच सगळे डोळे, म्हणजे फांदीवरचे निजलेले कोंब, एकदम फुटतात. डाळिंबाचे किंवा लिंबाचे बागाईतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि बहर धरतात, तोच प्रकार कुंडीत लहान प्रमाणावर करायचा.

छाटणीच्या आधी साधारण आठवडाभर मी पाणी थांबवते. पाने किंचित मलूल झाली की ताण पुरेसा झाला असे समजते, कारण कुंडीतली माती थोडीच असते आणि त्याहून अधिक ताणणे झाडाला सोसत नाही. मग प्रथम वाळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या फांद्या बुडातून काढायच्या, आणि उरलेल्या कुंडीच्या काठापासून सुमारे एक फूट उंचीवर आणायच्या. कात्री कुठे लावतो याला महत्त्व आहे. मोगऱ्याची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात मोहरीएवढा एक डोळा असतो. पानांच्या जोडीच्या जेमतेम वर, तिरका काप दिला, तर त्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या निघतात. दोन जोड्यांच्या अधेमधे कापले, तर वरचा तुकडा वाळून काळा पडतो आणि कधीकधी ती वाळ खाली उतरत जाते. शेवटी उरलीसुरली पानेही हाताने खुडून टाकायची. याच टप्प्यावर बहुतेकांचा जीव कचरतो, माझाही पहिल्या वर्षी कचरला होता.

त्यानंतर वरची दोन इंच माती उकरून तेथे दोन मुठी जुने शेणखत किंवा गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड घालते, भरपूर पाणी देते आणि फूट दिसेपर्यंत पुन्हा बेतानेच पाणी घालते. पुण्याच्या हवेत जानेवारीच्या अखेरीस पोपटी धुमारे दिसू लागतात. प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाशी बहुधा तीन कळ्या असतात, त्यांतली मधली आधी उमलते आणि बाजूच्या दोन मागाहून. झुपका संपला की त्याच्याखालच्या पानांच्या एक-दोन जोड्यांसकट शेंडा खुडावा, म्हणजे पुन्हा फूट येऊन साधारण महिनाभरात दुसरा भर येतो. पावसाळा सुरू झाल्यावर हे खुडलेले शेंडे वाया घालवू नयेत, ओलसर मातीत खोचून सावलीत ठेवले तर त्यांतले बरेच जगतात. माझ्या चारांपैकी तीन कुंड्या अशाच झालेल्या आहेत.

उन्हाच्या बाबतीत मात्र तडजोड चालत नाही. पाच-सहा तास थेट ऊन नसेल, तर छाटणी, खत, पेंड यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही, आणि अशा घरी मोगऱ्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे, त्यामुळे आणखी एक दुखणे निघते. नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जणू कोणी पानावर जाळी काढली आहे. ही लोहाची कमतरता होय. क्षारयुक्त मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारले की सुधारणा दिसते. जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील, तर आधी कुंडीच्या तळाचे भोक तुंबले आहे का ते पाहावे.

रोप विकत घेताना नावाने फसू नये. बटमोगऱ्याची कळी गोल आणि फूल गच्च पाकळ्यांचे असते, मदनबाणाची कळी लांबट, आणि साध्या एकेरी मोगऱ्याचा वास मला या दोघांहून अधिक आवडतो. 'हजारी मोगरा' म्हणून रुंद पानांचे जे झुडूप मिळते, ते मोगऱ्याच्या कुळातले नाहीच, तुळशीच्या कुळातले आहे. फूल सुवासिक असले, तरी त्याचे पान चुरगळून पाहा, नाकाला रुमाल लावावा लागेल. शिवाय ते मुळांवाटे इतके पसरते की जमिनीत लावले तर शेजाऱ्यांच्या अंगणातही निघते.

कात्रीचा हा नियम सगळ्या झुडपांना लागू पडतो, असा समज करून घेऊन मी एकदा चांगलीच फसले. जास्वंदीला तो चालतो, कारण तिचीही फुले नव्या फुटीवरच येतात. अनंताचे तसे नाही. त्याच्या कळ्या आधीच्या हंगामात वाढलेल्या फांदीवर तयार होतात. मोगऱ्याबरोबर जानेवारीत मी त्यालाही भादरले आणि त्या वर्षी पावसाच्या तोंडाशी दारात अनंताचा वास आलाच नाही. आता त्याची फुले संपली की श्रावणातच काय तो आकार देऊन घेते.

कुंदाची गोष्ट याहून वेगळी. मोगरा बोडका होतो त्याच दिवसांत तो पांढऱ्या चांदण्यांनी भरलेला असतो, माघातल्या तिलकुंद चतुर्थीला गणपतीला वाहायला फुले हवीत, म्हणून त्याच्या कुंडीजवळ कात्री न्यायचीच नाही, असा मी दंडक घातला आहे. त्याची छाटणी फुलांचा भर ओसरल्यावर, फाल्गुनात होते. तोपर्यंत मोगऱ्याच्या काटक्यांवर धुमारे आलेले असतात आणि काकूंचे विचारणेही थांबलेले असते.