धर्माच्या रकान्यातली कोरी चौकट

गावाचं नाव लिहीत नाही. अलिबाग ते मुरूड या किनारपट्टीतलं एक गाव, एवढंच पुरे. ज्या आजींबद्दल लिहितोय त्यांच्या धर्माचं घर तेव्हा तिथं एकच उरलं होतं, त्यामुळे गाव कळलं की घरही कळेल. १९४८ च्या जनगणना कायद्यानं प्रगणकावर गुप्ततेचं बंधन घातलंय आणि आता निवृत्ती तोंडावर आली तरी ते मी मानतो.

साल २०११. मी शाळामास्तर, म्हणजे निवडणूक, पोलिओ, जनगणना सगळ्याला हक्काचा माणूस. आदल्या वर्षी घरयादी झाली होती, आता ९ ते २८ फेब्रुवारी माणसं मोजायची, २८ च्या रात्री बेघर शोधायचे आणि १ ते ५ मार्च परत फिरून मधल्या काळातले जन्म-मृत्यू दुरुस्त करायचे. लोकांना वाटतं, मास्तर येतो आणि नावं लिहून जातो. प्रत्यक्षात एका माणसामागे २९ प्रश्न, फॉर्म यंत्रानं वाचला जाणार म्हणून त्याला घडी पडता कामा नये, आणि चौकटीत आकडे इंग्रजी वळणाचेच हवेत. आयुष्यभर फळ्यावर मराठी आकडे काढलेल्या हाताला हे शेवटपर्यंत जड गेलं.

माझ्या गटात साधारण सहाशे माणसं. पण त्या सहाशेत काय नव्हतं! कोळीवाड्याची एक आळी, मोहल्ल्याचा तुकडा, बाजारपेठेमागची जुनी माडीची घरं आणि गावकुसाबाहेरची कातकरीवाडी. इतक्या तऱ्हांची माणसं मावतील असे रकाने फॉर्ममध्ये मोजून तीन: धर्म, अनुसूचित जाती-जमाती आणि मातृभाषा. बाकीच्यांची जात विचारणं १९५१ पासून बंदच झालेलं.

कोळीवाड्यात पहिल्याच घरी वाद. "गुरुजी, आमी आदिवासीच ना? मंग लिवा." ते सोनकोळी. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत महादेव कोळी आहेत, मल्हार कोळी आहेत, सोनकोळी नाहीत. दाखला मागायचा नाही, पण नाव यादीत असलंच पाहिजे, असा नियम. एक मासेविक्रेत्या बाई मला दारातूनच म्हणाल्या, "मंग तुमची यादी घेऊन जा दर्यावर, तिला इचारा." मोहल्ल्यात दुसरी तऱ्हा. घरात बायका कोकणी बोलत होत्या, कानानं ऐकत होतो, मातृभाषा विचारली तर पुरुषानं बाहेरून सांगितलं, "उर्दू." सांगितलं ते लिहायचं, आपली अक्कल चालवायची नाही. लिहिलं.

कातकरीवाडीचं दुःख वेगळं. फेब्रुवारीत तिथं निम्म्याहून जास्त झोपड्या बंद होत्या. दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ती जिथं असतील तिथं मोजली जाणार, हे कागदावर ठीक आहे. पण भट्टीवरच्या पालांपर्यंत तिथला प्रगणक पोचला का, हे कोण बघतो? कातकरी महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, त्यांच्या योजना याच आकड्यांवर बेतायच्या, आणि मोजणीला महिना निवडला तो नेमका वाडी ओस पडण्याचा. दिल्लीत बसून तारीख ठरवणाऱ्याला वीटभट्टीचा हंगाम ठाऊक नसावा.

आता आजी.

शनिवार होता. अर्धी शाळा आटोपून मी बाजारपेठेमागच्या घरात शिरलो. आडनाव '-कर', नऊवारी, बोलणं आमच्या आईसारखं. चौकटीच्या उजव्या बाजूला तिरपी बसवलेली एक छोटी नळी तेवढी वेगळी. "या गुरुजी. चहा मात्र आज नाही हं, शनवारी आम्ही चूल पेटवत नाही." बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वी यांना कोकणात शनिवार तेली म्हणत. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, असं ते सांगतात.

"घरात माणसं किती, आजी?"

"अकरा."

दिसत तर एकट्याच होत्या. मी थांबलो. मग बोटं मोडत त्यांनी नावं सांगितली: तीन मुलगे, सुना, नातवंडं. सगळे इस्रायलमध्ये, काही अश्दोदला, काही दिमोनाला. नियम असा की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी राहणारच नाही तो त्या घरचा नाही. "म्हणजे माझं कुटुंब एकाचंच?" मी हो म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

पण फॉर्मच्या शेवटी लग्न झालेल्या सगळ्या स्त्रियांना, विधवांनाही, विचारायचे प्रश्न आहेत: आजवर किती मुलं झाली, आज किती हयात आहेत. तिथं मूल कुठं राहतं याला महत्त्व नाही. मुलगे ३ लिहिले. आजींना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हं, हे बरंय."

मातृभाषा मराठी. अन्य ज्ञात भाषांत हिंदी. हिब्रू? प्रार्थना घडाघडा वाचतात, पण तो रकाना आहे संवाद करता येण्याचा, वाचता येण्याचा नव्हे. "ल्योकांची पोरं बोलतात, मला नाही हो कळत." हिब्रू गळली.

राहिला धर्म. सहा धर्मांना सहा आकडे: हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. बाकी कुणी असेल तर नाव पूर्ण लिहायचं आणि आकड्याची चौकट कोरी ठेवायची. मी 'ज्यू' लिहिलं, चौकट सोडली. सहज विचारलं, मागच्या खेपेला काय लिहिलं होतं? "मागच्या मास्तरांनी इचारलंच नाही. आडनाव ऐकलं, भिंतीवर पंचांग बघितलं नि पुढं गेले." २००१ मध्ये आजी हिंदू झाल्या असणार. आडनावावरून धर्म ओळखणारे मास्तर आमच्यात ढिगानं आहेत आणि त्यांना ती हुशारी वाटते. प्रशिक्षणात हा भाग पाच मिनिटांत उरकला होता. वडे आले होते.

संध्याकाळी फॉर्म तपासताना आमच्या पर्यवेक्षकांचं बोट नेमकं त्या चौकटीवर थांबलं. "हे काय? कोरं?"

"नाव लिहिलंय, सर. आकडा नसतो."

"कोरं राहिलं तर वरून परत येतो फॉर्म. मग कोण निस्तरणार? ख्रिश्चन टाका. बायबल-बियबल एकच ना त्यांचं." त्यांनी पेन उघडलंच होतं.

माणूस वाईट नव्हता. सहा प्रगणकांचे गठ्ठे, वरून रोज फोन, आणि कोरी चौकट म्हणजे चूक असं डोक्यात बसलेलं. पण मीही सूचनापुस्तिका पिशवीतून काढली, पान उघडून समोर ठेवलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं. "एका म्हातारीसाठी एवढं?" म्हणाले, आणि सही करून फॉर्म माझ्याकडे सरकवला. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं, हे खरं.

त्याच गठ्ठ्यात दुसरा एक फॉर्म होता, ज्यावर त्यांनी अवाक्षर काढलं नाही, कारण तो निर्दोष होता. एक सिद्दी कुटुंब. जंजिरा १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत या मुलखाचे राज्यकर्ते सिद्दी. पूर्वज आफ्रिकेतून आलेले. हे कुटुंबप्रमुख मात्र साधे ड्रायव्हर. धर्म २. अनुसूचित जाती-जमाती: दोन्ही नाही, म्हणजे ३. मातृभाषा उर्दू. ते म्हणाले, "सर, कारवारकडचे सिद्दी एसटी आहेत ना? मग आमचं?" खरं आहे. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ मध्ये जमातीचा दर्जा मिळाला, गुजरातेत सौराष्ट्रातल्यांना आहे, गोव्याच्या यादीतही नाव आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. "मग सिद्दी हे कुठं लिहिलं तुम्ही?" कुठंच नाही. शेजारच्या कोकणी मुसलमानाचा फॉर्म आणि यांचा फॉर्म, नावं झाकली तर ओळखू येणार नाहीत. त्यांच्यासाठी भांडायला पुस्तिकेत पानच नव्हतं.

त्याच वर्षी वेगळी जातगणना झाली. जातींची नावं म्हणे ४६ लाखांवर गेली, आणि आकडे बाहेर आलेच नाहीत. धर्माचे आकडे २०१५ च्या ऑगस्टमध्ये आले. मी आमच्या तालुक्याची ओळ उघडली. सहा धर्म, मग 'इतर धर्म व पंथ', मग 'धर्म सांगितला नाही'. ज्यू हे नाव राज्याच्या तपशिलात सापडतं, तालुक्याच्या ओळीत नाही. म्हणजे मी पर्यवेक्षकांशी भांडून आजींना 'इतर'मध्ये पोचवलं. गंमत म्हणजे गुप्ततेच्या दृष्टीनं तेच बरोबर आहे. एकाच घराचा धर्म गावानिशी छापला तर तो आकडा राहत नाही, पत्ता होतो. हे पटतं, आणि तरी त्या पानाचा राग येतो. २०१६ मध्ये राज्यानं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा आजी मुलाकडे गेलेल्या होत्या, घराला कुलूप.

आता फेब्रुवारी २०२७ मध्ये परत माणसं मोजायची आहेत, १ मार्चच्या हिशेबानं, आणि या वेळी जात सगळ्यांना विचारणार आहेत. कागद नाही, मोबाईल. ड्रायव्हरसाहेबांचा मुलगा परवा एसटी स्टँडवर भेटला. "सर, आता तरी सिद्दी येणार ना?" मी म्हटलं, तू स्वतः सांग, पूर्ण सांग, मास्तरनं मुसलमान ऐकून पुढं जायचं ठरवलं तर त्याला थांबव. प्रशिक्षण लागलं की मी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, वडे आले असले तरी.