डॅन्यूबच्या काठाने, लेकीच्या मागून

परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, काय काय बघितलंस तिकडे? खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मी लेकीची पाठ बघितली. पिवळं जॅकेट, हेल्मेटखालून सुटलेली वेणी, कॅरियरला दोन बाजूंना दोन बॅगा आणि त्यावर आडवा बांधलेला तंबू. ती पुढे, मी मागे, बाजूला डॅन्यूब. जर्मनीतलं पासाऊ ते व्हिएन्ना, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, दिवसा सायकल नि रात्री तंबू. लेक अकरा वर्षांची.

सासूबाई निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होत्या, "अगो, दोघीच जाणार? नि सायकलीवरून?" त्यांची काळजी मला कळते, कारण तीच काळजी माझ्या पोटात रोज असते, फक्त ती इथली असते, गोव्यातल्या डिचोलीतली. लेक सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तरी मी गेटवर उभी. खनिजाचे ट्रक, भाड्याच्या गाड्या घेऊन सुसाट जाणारे टुरिस्ट, रस्त्याला कड म्हणून नाही, डांबर संपलं की थेट गटार. दोघी बाहेर पडलो की माझं तोंड चालूच, बाजूला घे, मागून गाडी येते, ब्रेकवर हात ठेव, आधी बघ मग वळ. सायकल चालवणं म्हणजे पाठीमागून आईचा आवाज, एवढंच तिला माहीत.

पासाऊत सायकली भाड्याने घेतल्या, व्हिएन्नाला परत द्यायच्या. तिथे तीन नद्या मिळतात, डॅन्यूब, इन आणि इल्झ, नि जुन्या टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा सालासकट लिहिलेल्या आहेत. २०१३ची खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, त्याच्याही वर फक्त १५०१ची. आम्ही साखळी गावात वाळवंटी नदीचा पूर बघितलेली माणसं, लेक बराच वेळ मान वर करून उभी होती, मग म्हणाली, आपल्याकडे पण अशा लिहून ठेवायला हव्यात ना. हव्यातच.

निघालो तेव्हा सगळं उजव्या बाजूने चालवायचं म्हणून मी गाव संपेपर्यंत तशीच ओरडत होते, नि मग वाट नदीला लागली आणि गाड्याच संपल्या. नुसती वाट. पूर्वी मालाच्या होड्या प्रवाहाच्या उलट न्यायच्या तर काठावरून घोडे दोर लावून ओढायचे, त्या घोड्यांच्या वाटेवरूनच आता बरीचशी सायकलची वाट जाते, म्हणून ती पाण्याला धरून चालते नि चढ जवळजवळ नाहीच. हीच पुढे अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या युरोव्हेलो ६ मार्गाचा भाग आहे. तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी गप्प आहे. कितीतरी वेळ एक शब्द बोलले नव्हते, आणि लेक पुढे आपल्याआपण चालली होती, मध्येच काहीतरी गुणगुणत.

त्या गप्प बसण्यात पोरगी काय काय करायला लागली ते मला लिहून ठेवायचंय.

एक म्हणजे काठावरच्या पाट्या. डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून वर मोजतात, खाली रोमानियात सुलिनाला शून्य, पासाऊला २२००च्या वर. मी सांगितलंच नव्हतं, तिने स्वतःच ताडलं, "आई, आकडे कमी होतायत, म्हणजे आपण समुद्राकडे चाललोय!" तिथून पुढे कुठे थांबायचं, पाणी कुठे भरायचं, कॅम्पिंग किती लांब, सगळा हिशोब तिच्याकडे. श्ल्योगेनला नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते, तिथे सायकली घेऊन छोट्या बोटीने पलीकडे जायचं तर ही आधी पुढे जाऊन विचारून आली. घरी पाहुणे आले तर आतल्या खोलीत पळणारी मुलगी.

आणि ते पंक्चर. ग्राइनच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. मी बॅगा उतरवून ठेवेपर्यंत हिने सायकल उलटी केली, लिव्हर घालून टायर सोडवला, ट्यूबमध्ये हवा भरली आणि नदीच्या काठाशी नेऊन पाण्यात थोडी थोडी दाबत फिरवली. बुडबुडे आले तिथे बोट ठेवून तशीच चालत आली, बोट हलू न देता. पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन लावलं, आणि मी पॅच द्यायला गेले तर म्हणाली, थांब, आधी सुकू दे, काका सांगतात घाई केली की सुटतो. काका म्हणजे आमच्या इथले सायकल दुरुस्तीवाले, सुट्टीत त्यांच्या दुकानात ती तासन्‌तास उकिडवी बसून असायची आणि मी तिला जेवायला बोलावून बोलावून दमायचे. टायरच्या आतून बोट फिरवून काचेचा कण पण तिनेच शोधला. ते चाक व्हिएन्नापर्यंत टिकलं. हे मी भेटेल त्याला सांगतेय आणि सांगत राहणार.

माउटहाउझेनला आत गेलो नाही, तिचं वय नाही ते बघायचं. पण टेकडीकडे जाणारी पाटी तिने वाचली, तेव्हा संध्याकाळी तंबूत सांगावंच लागलं, नाझींची छळछावणी, १९३८पासून, कैद्यांकडून खाणीतले दगड वाहून घ्यायचे. "अग्वादच्या तुरुंगासारखं?" तिने विचारलं. अग्वादला आपल्या स्वातंत्र्यसैनिकांना डांबायचे ते तिला शाळेच्या सहलीत दाखवलेलं. मी म्हटलं, तोही तुरुंगच, पण हे त्याहून फार वेगळं, इथे माणसं मरावीत म्हणूनच राबवायचे. मग ती बराच वेळ बोलली नाही नि माझ्या स्लीपिंग बॅगला चिकटून झोपली.

पुढे वाखाऊ नावाच्या डॅन्यूबच्या खोऱ्यातले जर्दाळू मे महिन्यात हिरवेच, ते पिकतात जुलैत. त्यांचे उकडलेले गोळे मिळाले मात्र, आत अख्खा जर्दाळू, वरून ब्रेडचा परतलेला चुरा, लेकीने लगेच मोदक म्हणून टाकलं. कॅम्पिंगवर रात्री सांगून ठेवलं की सकाळी ताजे पाव मिळायचे, पण आपल्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू नाही याची तिला फार चुकचुक. आम्ही रोज खिचडी नि सोलांची कढी, रात्री नऊपर्यंत उजेड, मग थंडी अशी की दोघी मोजे घालून झोपायचो.

आता इथे परत तेच. परवा ती म्हणाली, आजीकडे सायकलीने जाऊ? आजी साखळीला. माझ्या तोंडून नाही निघालं आणि मला फार वाईट वाटलं, कारण पोरीला येत नाही असं आता म्हणताच येत नाही, रस्ताच तिच्यासाठी केलेला नाही. आपल्याकडे नद्या आहेत, खाजन म्हणजे खाडीकाठच्या जमिनींचे बांध आहेत, सायकलीला दोन हात रुंद वाट द्यायला काय हरकत आहे? पंचायतीला अर्ज लिहायला घेतलाय, ग्रामसभेत वाचणार.

तोवर चोडण बेट. रविवारी साडेसहाला रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट, सायकली घेऊन, रेनकोट घालून. तिच्या वर्गातल्या दोघींना यायचंय, त्यांच्या आया अजून हो म्हणाल्या नाहीत, जेवण झालं की फोन करते.