तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं 'मस्त' का म्हणायचं नाही?

आमच्या हौशी फोटोग्राफरांच्या गटात नव्याने येणारा प्रत्येक जण महिनाभरात हा प्रश्न विचारतोच. परवा भिगवणच्या एसटी स्टँडवर चहा घेताना कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने विचारला. "मॅडम, फोटो आवडला तर नुसतं 'मस्त' म्हणायला काय हरकत आहे? आपल्याकडे ते का चालत नाही?" तिची गाडी लागली होती. घाईत काहीतरी सांगितलं, पण ते उत्तर माझं मलाच पुरेसं वाटलं नाही. म्हणून नीट लिहिते.

आम्ही अकरा जण. बहुतेक सगळे उजनीच्या पाण्याच्या आसपास राहणारे, इंदापूर, भिगवण, बारामती, दौंड, दोघं पुण्याचे. एका काकांचं मेडिकल आहे, एक भाऊ एसटीत कंडक्टर आहेत, मी शाळेत भूगोल शिकवते, कुंभारगावचा एक मुलगा पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतो. फोटो विकून पोट भरणारं आमच्यात कुणीच नाही. रविवारी रात्री प्रत्येकाने आठवड्यातला एकच फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा, तोही डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर बारकावे जातात. मग निदान तिघांनी तरी आपल्याला त्यात काय दिसलं ते लिहायचं. ज्याचा फोटो आहे त्याने तोवर गप्प राहायचं. 'मस्त', 'अप्रतिम', अंगठा, टाळ्या यातलं काही नाही.

हे कुणी बसून ठरवलेलं नाही. पळसदेवच्या एका फोटोपासून ते सुरू झालं.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचं मंदिरही त्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते पुन्हा उघडं पडतं. काही वर्षांपूर्वी एका मे महिन्यात मी पहाटे तिथे गेले होते. गाळाला भेगा पडलेल्या, शिखरामागे तांबूस उजेड, एका बाजूला कोळ्यांनी वाळत घातलेली जाळी. ट्रायपॉड नव्हता, म्हणून कॅमेरा दगडावर टेकवून फोटो काढला. रात्री गटात टाकला आणि दहा मिनिटांत सात 'मस्त' आले. मला फार बरं वाटलं.

मग मेडिकलवाल्या काकांचा मेसेज आला. ते एरवी फारसे बोलत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, "जाळी वाळत घातलीत ना, त्याच्या अलीकडे दगडांची एक रांग दिसतेय. ती आमच्या आळीतली जोती. तिसरं आमचं."

मी फोटो मोठा करून पाहिला. रांग होती. मी तासभर तिथे उभी होते आणि मला ती दिसली नव्हती. माझ्या लेखी ती फोटोची खालची कड होती, कापून टाकावी का असाही विचार मनात येऊन गेला होता. त्या रात्री काका बारा वाजून गेले तरी लिहीत होते. गाव सोडलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. सामान गाडीत भरून झाल्यावर त्यांच्या आईने चूल सारवली आणि मगच ती घराबाहेर पडली. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर परत गेले. ते त्या तिसऱ्या जोत्यावर उभे राहिले आणि मी फोटो काढला. तो मी गटात टाकला नाही. तो त्यांच्या घरी आहे, भिंतीवर, आईच्या फोटोशेजारी.

'मस्त' म्हटलं की समोरचा 'थँक्यू' म्हणतो आणि फोटो वर सरकून जातो. काकाही आठवं 'मस्त' लिहून झोपी गेले असते, तर माझ्याच फोटोत काय आहे ते मला कधी कळलं नसतं. त्यानंतर हळूहळू सगळेच जण दिसलेलं लिहायला लागले.

दुसरं कारण पक्ष्यांचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. हिवाळ्यात आमच्याकडे रोहित येतात, म्हणजे फ्लेमिंगो. उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखलातून अन्न गाळून खात असतात, तेव्हा लांबून ते बरेचसे पांढरेच दिसतात. पंख उघडले की लालगुलाबी आणि काळा रंग झळकतो. अग्निपंख हे नाव त्यावरूनच. साहजिकच ज्याला त्याला उडतानाचा फोटो हवा असतो, आणि तो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे होडी सरळ थव्यावर नेणे.

आमच्यातल्या एकाने असा फोटो टाकला होता. रंग, पंखांची रांग, खाली उडालेलं पाणी, सगळं त्यात होतं. आम्ही सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्या रविवारी उडत्या रोहितांचे आणखी तीन फोटो आले. तेव्हा कुंभारगावच्या मुलाने लिहिलं, "तुम्ही हाच फोटो वाखाणता, म्हणून येणारा प्रत्येक जण मला म्हणतो, होडी जवळ घे. मी नाही म्हटलं तर दुसरी होडी करतात. दिवसातून पाच वेळा उडवल्यावर त्यांनी खायचं कधी?" रोहिताला उठायला आधी पाण्यावरून धावत जावं लागतं. किती ताकद लागत असेल त्याला! ज्या उडालेल्या पाण्याचं आम्ही कौतुक करत होतो, ती त्या धावण्याची खूण होती.

त्या दिवशी कुणी वाद घातला नाही. तेव्हापासून पक्ष्याचा फोटो टाकताना तो कसा मिळाला हेही सांगायचं: होडी किती लांब होती, किती वेळ थांबलात, पक्षी आपणहून उडाला की उडवला. घरट्याचे फोटो तर आम्ही घेतच नाही. आपण ज्याला शाबासकी देतो तेच पुढच्या रविवारी जास्त येतं, हे मी वर्गातही रोज पाहते. मागच्या डिसेंबरात कंडक्टर भाऊंनी एकाच रोहिताचा फोटो टाकला, मान खाली घालून खाणारा, भोवती चिखलाची नक्षी. पहाटे काठावर दोन तास बसून मिळालेला. त्या नक्षीवर आम्ही तीन दिवस बोलत होतो.

"एवढं कशाला, आपण हौशी माणसं," असंही ऐकायला मिळतं. पण हौशी माणसांनी एकमेकांचे फोटो मन लावून पाहणं आपल्याकडे फार जुनं आहे. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पेशा डॉक्टरकीचा, ओढ फोटोंची. तेव्हा काचेला किंवा कागदाला स्वतःच्या हाताने रसायन लावावं लागे. इतका खटाटोप करून आणलेला फोटो चार लोकांपुढे ठेवल्यावर, त्यांनी तो डोळे भरून पाहावा असं त्या माणसाला वाटलं नसेल का?

त्या मुलीने गाडीत चढता चढता आणखी एक विचारलं होतं, "पण लिहू काय? मला तंत्रातलं काही कळत नाही." तंत्र लागत नाही गं. नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली, कुठे अडखळली, एवढंच लिही. आवडलं नसेल तर तेही लिही. "डोळा सारखा त्या विजेच्या तारेवर जातो," असं मला एकीने लिहिलं होतं. तेव्हापासून कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी मी तारा बघते.

तिने गेल्या रविवारी पहिला फोटो टाकला. डिकसळच्या बाजूला पाण्याकाठी मोटरसायकल लावून उभा असलेला दूधवाला, पाठमोरा, दोन्ही बाजूंना किटल्या. एकाने लिहिलं, उजव्या किटलीच्या झाकणावर उन्हाचा ठिपका आहे. मी पाण्यातल्या त्याच्या सावलीबद्दल लिहिलं. कंडक्टर भाऊंनी विचारलं, "त्याने चपला काढून बाजूला का ठेवल्यात?"

तिचं उत्तर यायला वेळ लागला. "मी पाहिलंच नव्हतं. तो रोज सहाला येतो तिथे. उद्या जाऊन विचारते."