चादरीच्या मागाचं चाक आणि फ्रान्सचा प्रॉपेलर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. गिऱ्हाईक बहुतेक पूर्व भागातले मागवाले. त्या दिवशी एक मामा गोणपाटात गुंडाळून बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, दातांचं चाक घेऊन आले. मागाच्या बॉटम शाफ्टवरचं, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्यावरचं. सलग चार दात उडालेले.

"माग बनवणारी कंपनी?"

"कवाच बंद पडली बे. माग वडलांच्या वेळचाय."

सोबत दुसरं चाक होतं, मागे कुणाकडून तरी ओतून घेतलेलं. "हे बसवून दे की, कटकट मिटली." वायर ब्रश मारला, तर दातांच्या मुळाशी बारीक भोकं. ब्लोहोल, ओतताना आत अडकलेल्या बुडबुड्यांची. तुटलेल्या चाकाच्या मोडलेल्या जागीही तीच. दोन्ही एकाच जागी ओतलेली, हे मी विचारल्यावरच मामांनी सांगितलं.

कोपऱ्यात फौजी काका चहा पीत बसले होते. नौदलाच्या 'विराट' या विमानवाहू नौकेच्या इंजिनरूममध्ये नोकरी केलेला माणूस, रिटायर झाल्यापासून दुपारी आमच्याकडेच. भोकं बघून हसायलाच लागले.

"फ्रान्सचं अस्संच झालं होतं. 'शार्ल द गॉल', अणुशक्तीवर चालणारी त्यांची विमानवाहू नौका. २००० च्या नोव्हेंबरात अटलांटिकमध्ये चाचणी चालू असताना प्रॉपेलरचं पातं तुटलं. ओतीवात बुडबुडे राहिलेले. स्पेअर काढले, तर त्यांच्यातही तोच दोष! बनवणारी कंपनी तोवर बुडालेली, कागदपत्रं आगीत गेलेली."

"मग?"

"मग काय, 'क्लेमांसो' आणि 'फॉश' या जुन्या जहाजांचे प्रॉपेलर लावले. वेग सत्तावीस नॉटवरून चोवीसच्या आसपास आला. पुढं मोठ्या दुरुस्तीत नवे बसवले तेव्हा सुटका झाली."

मामांना फ्रान्सचं काही पडलेलं नव्हतं, माग बंद होता. पण काका सुटले की थांबत नाहीत. अमेरिकेच्या 'निमित्झ' वर्गातल्या दहा नौकांचं अणुइंधन साधारण पंचवीस वर्षांनी एकदाच बदलतात, म्हणाले, पण तेवढ्यासाठी जहाज काही वर्षं गोदीत अडकतं. 'जॉर्ज वॉशिंग्टन' २०१७ ला आत गेलं ते २०२३ ला बाहेर आलं. आणि त्याआधीची 'एंटरप्राइज' तर आठ अणुभट्ट्यांची, १९६१ पासूनची. तिच्या जोडीच्या नौका ठरल्या होत्या, बांधल्याच नाहीत. एकटं जहाज म्हटल्यावर त्याच्या सुट्या भागांसाठी कोण कारखाना चालू ठेवतो? भट्टीचं इंधन पुरतं, एखादा व्हॉल्व्ह मिळत नाही. हे मला लगेच पटलं. आमचा धंदाच त्यावर चालतो.

मी मामांना क्रँकवरचं, म्हणजे मागाच्या मुख्य दांड्यावरचं, लहान चाकही काढून आणायला लावलं. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा बॉटम शाफ्टचा एक, म्हणजे मोठ्याला बरोबर दुप्पट दात. मोडक्या चाकावर मोजलेला आकडा त्यावरून ताडून बघितला. अडचण निराळीच निघाली: दात डीपीचे, म्हणजे इंचातल्या मापाचे, आणि माझे कटर मॉड्यूलचे, म्हणजे मिलिमीटरमधल्या मापाचे. डीपीचा कटर शेजारच्या एका जुन्या टूलरूममधून मागून आणला.

मामा म्हणाले, "पोलादाचंच कर, परत तुटायला नको." काकांनीही मान डोलावली. मी नाही म्हटलं. माग अडकला तर काहीतरी तुटणारच. आज चाक तुटलं म्हणून क्रँकशाफ्ट वाचला. पोलादाचं चाक लावलं तर पुढच्या खेपेला शाफ्टच जाईल, आणि त्याचा खर्च मामांना झेपणार नाही. जहाजाच्या इंजिनरूममध्ये कदाचित उलटा हिशेब असेल. इथं बीडच बरं. फक्त ओतून न घेता भरीव बीडाचा तुकडा लेथवर घासला, भोक नाही याची खात्री केली आणि मगच दात पाडले. एक मागासाठी, एक स्पेअर.

मापं कागदावर काढून एक प्रत मामांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट बघितली.

"याचं येगळं पैसं घेणारैस का?"