नितळ पाण्याचा रिपोर्ट

मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये विहिरीचं, बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी येतं, दुसरं काही नाही. त्यामुळे तिसवाडीतल्या एका गावातून "तळ्यातले मासे मरतायत, कोणीतरी विष घातलंय" अशी तक्रार आली तेव्हा कोणाच्याच अंगात उत्साह नव्हता. फिल्डवरचा एकजण जाऊन काठावरनंच बाटली भरून घेऊन आला. क्लोराइड, म्हणजे पाण्यातला मिठाचा अंश, लिटरला 240 मिलीग्रॅम, पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा 250, म्हणजे पास. पण त्याच तळ्याचा मागच्या वर्षीचा आकडा रजिस्टरात 30 होता. आठपट वाढ, आणि शेऱ्यात काय तर "मर्यादेत".

मला खटकलं ते त्याच्या मोबाइलमधल्या फोटोमुळे. मे महिन्यात गावचं तळं, त्यात म्हशी डुंबणार, म्हणजे पाणी चहासारखंच असणार. या फोटोत काठालगतचा तळ दिसत होता. खारं पाणी शिरलं की पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात, नदी समुद्राला मिळते तिथे हे रोजचंच. आम्ही पोचलो तर काठावरचे एक काका मला कौतुकाने सांगतायत, "पळय गो बाय, उदक कितलें निवळ जालां!" आणि तिथेच शेजारी मेलेल्या गोगलगायी तरंगतायत आणि साळकांची, म्हणजे पाण्यातल्या कमळांची, पानं कडेने करपलीयत.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. या तळ्याचं जादा पाणी नाल्याने खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, जातं, आणि खाजनातनं मानशीतून मांडवीच्या फाट्यात. मानस म्हणजे बांधातली लाकडी दारं, ओहोटीला आतल्या पाण्याने आपोआप उघडतात आणि भरतीला नदीच्या दाबाने बंद होतात, ना मोटर ना वीज, इतकं हुशार काम क्वचितच कुठे बघायला मिळेल. पण दार कुजलं किंवा कोणी अडकवून ठेवलं तर मेमधली खारी मांडवी अमावास्येच्या उधाणाला सरळ आत येते, आणि पाऊस नसल्यामुळे तळं उतरलेलं असतं, म्हणून नाला उलटा वाहतो. इथे दाराची एक फळी काढून बाजूला ठेवलेली होती. पडलेली नव्हती, ठेवलेली होती.

आता नमुना. खारं पाणी जड, ते खाली जाऊन बसतं, आणि या तळ्यात बांधाला माती काढून काढून एक खोल खड्डा झालाय. काठावरची बाटली त्याबद्दल काय सांगणार? खोलवरचं पाणी घ्यायचं यंत्र आमच्याकडे आहे, पण ते गोडाऊनमध्ये आहे आणि गोडाऊनची चावी ज्याच्याकडे तो रजेवर. मग बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी, होडीतनं तळाशी सोडली आणि झटका देऊन बूच उडवलं. वर आली तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास, कारण समुद्राच्या पाण्याबरोबर सल्फेट येतं आणि प्राणवायू संपला की तळातले जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात.

लॅबमध्ये या वासाचा त्रास होतो, क्लोराइड मोजायला आम्ही जे सिल्व्हर नायट्रेट ब्युरेटमधून सोडतो त्याला सल्फाइड खातो आणि क्लोराइडचा आकडा खोटा येतो. म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ते घालवायचं, पीएच बघायचा, नमुना वीसपट पातळ करायचा (नाहीतर ब्युरेट भरत बसा दिवसभर), क्रोमेटचे थेंब, आणि मग पिवळ्यावर पहिली विटकरी झाक येते तिथे हात थांबला पाहिजे. नवीन पोरं लालभडक होईपर्यंत सोडत राहतात. आकडा आला साडेचार हजार. परत केलं, तेवढाच. एकाच तळ्यात, वर 240 आणि खाली 4500.

मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पाण्यातल्या पिसवा, म्हणजे डॅफ्निया आणि मोइना, जवळजवळ नाहीत. दोन-चार रिकामी कवचं तेवढी, आत काळा डोळाही उरलेला नाही. या पिसवा शेवाळ चरतात. त्या गेल्या की शेवाळाला रान मोकळं, आणि झालंही तसंच, थोड्या दिवसांनी तेच नितळ तळं हिरवंगार झालं आणि "आता रंग टाकला" अशी दुसरी तक्रार आली! बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांत यावर बरंच काम झालंय. जलचरांसाठी अमेरिकेत क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा 230 आहे, कॅनडात 120, आणि 2022 साली छापून आलेल्या प्रयोगांत त्या मर्यादांच्या आतसुद्धा बऱ्याच ठिकाणी प्राणीप्लवक, म्हणजे या पिसवांसारखे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, निम्म्याहून कमी झाले. आणि आम्ही पिण्याच्या पाण्याचा 250 तळ्याला लावून मोकळे. माणसाच्या जिभेसाठी ठरवलेला आकडा तो, पिसवेला त्याचं काय?

गावात दोन तट पडले. कटला-रोहू मेले पण काळुंदरं मजेत होती, म्हणून एक गट म्हणे पाण्यात काहीच नाही. काळुंदर गोड्यात जगतं आणि खाऱ्यातही, त्याची साक्ष काय कामाची. मानशीवर मासळी धरायचा हक्क लिलावाने जातो, आणि खारं पाणी आत आलं की सुंगटं (कोळंबी), शेवटे, चोणक सगळं त्याबरोबर येतं. मी फळीबद्दल विचारलं तर लिलाव घेणारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी पैसे पाण्याचे नाही भरले, माशांचे भरलेत." मला राग आला खरा, पण त्याचं गणित चुकीचं नाही, लिलावाच्या कागदात फळी कधी लावायची हे कोणी लिहिलेलंच नाही.

रिपोर्टात मी दोन्ही आकडे दिले. सर म्हणाले, फॉर्ममध्ये खोलीचा रकानाच नाही, मग तळाचा आकडा जोडपत्रात गेला आणि गावाला पाठवलेल्या उत्तरात फक्त वरचा. जोडपत्राची झेरॉक्स मी त्या काकांना नेऊन दिली. त्यांनी ती ग्रामसभेत वाचायला मागितली, तर अजेंड्यावर विषय नाही म्हणून पुढच्या सभेवर ढकलली. पुढची सभा पावसात, आणि तोपर्यंत वरनं गोडं पाणी येऊन माझा साडेचार हजार कोणाला दाखवायलाही उरणार नाही.