डावा अंगठा

खुबा मोडलेल्या पेशंटला स्पायनल, म्हणजे पाठीतून कमरेखालची भूल, देण्याआधी मी दोन्ही पायांचे अंगठे वर करून दाखवायला सांगते. भूल चढल्यावर पाय तसेही हलत नाहीत. मग नस आधीच दबली होती की टेबलावर दबली, हे कुणाला सांगता येणार?

परवाच्या आजी सत्तरी ओलांडलेल्या, अंगावर मांस नाही. उजवा अंगठा लगेच वर आला. मोडलेल्या बाजूचा, डावा, हलेना.

"दुखतंय का आजी?"

"दुखत न्हाई बाई. उचलतच न्हाई."

अंगठ्याच्या बेचक्यात कापूस फिरवला, तोही कळेना. ट्रॅक्शनचं, म्हणजे वजन लोंबतं ठेवून पाय ताणायचं, बँडेज सोडलं, तर गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला पट्टीचा लालभडक वळ. मोडलेला पाय बाहेर कलंडतो, त्यामुळे भारही तिथेच येतो. फिब्युलाच्या, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या, मानेला वळसा घालून पाऊल उचलणारी पेरोनियल नस जाते ती नेमकी याच जागी, अगदी कातडीलगत. वॉर्डात लोंबतं वजन सगळे बघतात, पट्टीखालचा पाय कुणी बघत नाही.

केसपेपरवर वेळ घालून लिहिलं. नातवाला आत बोलावून त्याच्यादेखत अंगठा पुन्हा उचलायला लावला. "मॅडम, ऑपरेशनची लिस्ट लांबतेय," सर्जन म्हणाले. लांबू दे.

मग उजव्या कुशीवर घेतलं. चादरीची गुंडाळी काखेत नाही, काखेच्या खाली, बरगड्यांशी. काखेत घातली तर हाताची जी नस वाचवायची तीच दबते. खालच्या हाताची नाडी पाहिली, कान दुमडलेला नाही ना ते पाहिलं. पुढचा टेकू जांघेत न लावता ओटीपोटाखालच्या जघनाच्या हाडावर. आणि खालचा, धड पाय: गुडघ्याच्या वर आणि खाली जेल पॅड, मध्ये फिब्युलाचं डोकं अधांतरी. आमच्या ऑपरेशन थिएटरातले मदतनीस मामा हे सगळं न सांगता करतात. शिकाऊ डॉक्टरांनी त्यांच्याकडून शिकावं.

खुब्याचा कृत्रिम बॉल बसवताना सर्जननी गुडघा वाकवूनच ठेवला, कुल्ह्यामागून पायात उतरणाऱ्या सायाटिक नसेवर ताण येऊ दिला नाही. हात उत्तमच आहे त्यांचा.

संध्याकाळी भूल उतरली. उजवा पाय ठीक, डावं पाऊल लोंबतंच. स्प्लिंट दिलाय; तीन आठवड्यांनी नसेची तपासणी. नातवाने डोळ्यांनी पाहिलं, तरी घरची माणसं ऑपरेशनलाच दोष देतायत. पट्टी कुणी बांधली, हे मी वॉर्डात विचारलं. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असते, एवढंच उत्तर मिळालं. ते खोटंही नाही. पण पट्टी पहिल्याच रात्री सैल केली असती तर आजींचं पाऊल उचललं असतं का, हे माझ्या डोक्यातून जात नाही.