आज्याला नव्हती, मग मला शुगर कशी?

बार्शी भागात दवाखाना चालवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. रिपोर्ट हातात ठेवला की समोरचा म्हणतो, "डॉक्टर, आमचा आज्जा बसल्या बैठकीला चार भाकरी हाणायचा. त्याला कुठं हुती शुगर?" ज्वारीची भाकरी गेली, गव्हाची चपाती आली, म्हणूनच शुगर वाढली का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

एक तर आज्याची शुगर कुणी तपासलीच नव्हती. शिवाय तो दिवसभर औतामागं चालायचा, तुम्ही शेतात मोटारसायकलवरून जाता. भाकरीत जादू नाही, तीही शेवटी पिष्टमयच. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीचा 2023 सालचा अंदाज देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही असा आहे. एवढ्यांना एकट्या गव्हानं आजारी पाडलं, असं मी म्हणणार नाही.

पण ताट बदललं हे खरं, आणि ते काही फक्त तुमच्या जिभेच्या चोचल्यांनी नाही.

1965 साली अन्न महामंडळ निघालं तेव्हा देश अमेरिकेच्या गव्हावर दिवस काढत होता. पंजाब-हरियाणात हमीभावानं धान्य उचलायचं आणि रेशनवर वाटायचं, ही घडी तिथून बसली. बहात्तरच्या दुष्काळात मिलो, म्हणजे बाहेरून आणलेली लाल ज्वारी, खाल्लेल्यांना तिचं मोल सांगायला नको; मीही रेशनला नावं ठेवत नाही. तातडी सरली तरी यादी मात्र गहू-तांदळाचीच राहिली. तसा ज्वारीलाही हमीभाव आहे, उलट गव्हाहून जास्त. 2024-25 च्या हंगामात मालदांडी या आपल्याकडच्या रब्बी ज्वारीला क्विंटलला 3421 रुपये, गव्हाला 2275. पण भाव जाहीर करणं वेगळं आणि काटा लावून माल उचलणं वेगळं. त्यात कोरडवाहू मालदांडी हेक्टरी दहा क्विंटलच्या आसपास. ती हातानं उपटून काढायची, तर मजूर मिळत नाही. दावणीला जनावरं उरली नाहीत, म्हणून कडब्याचीही ओढ नाही. मग खरिपात सोयाबीन, आणि पाणी असेल तिथं ऊस, कारण त्याचा किमान दर सरकार ठरवतं आणि कारखान्याची टोळी फडात येऊन तोडून नेते.

ज्वारीबरोबर करडईही गेली, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. ज्वारीत तिचे पट्टे असायचे, कडेच्या काटेरी ओळींमुळं जनावरं आत शिरायची नाहीत, आणि घरचं तेल घाण्यावरून यायचं. 1994 साली पामतेलाची आयात खुली झाली. आज देशाचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, आणि स्टँडवरच्या भज्यांच्या कढईत कुठलं असतं ते वासावरूनच कळतं.

एका शेतमजूर बाईंना मी "ज्वारी खा" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "गहू फुकट हाय सायेब. मालदांडी पन्नासच्या खाली न्हाई. तुमी चिठ्ठी लिवली तर रेशनवाला दील का?"

खरं तर द्यायला कायद्याची आडकाठी नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी महिना 5 किलो धान्य आहे: तांदूळ 3 रुपये, गहू 2 आणि ज्वारी-बाजरीसारखं भरडधान्य 1 रुपया किलो. 2023 पासून तर सगळंच मोफत. त्याच वर्षी आपण पुढाकार घेऊन साऱ्या जगाला भरडधान्य वर्ष साजरं करायला लावलं! दुकानात मात्र ज्वारी येते ती कधीमधी. डाळ आणि तेल तर या कायद्याच्या हक्कात धरलेलेच नाहीत, त्यामुळं गरिबाच्या ताटात पिष्ट भरपूर आणि प्रथिनं नावाला. ज्वारी इथंच विकत घेऊन इथल्याच दुकानांत वाटली, तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि माझ्या पेशंटला भाकरी. औषधांच्या खर्चापुढं हा खर्च मला तरी जड वाटत नाही.

तोवर एवढं करा. रेशनच्या गव्हाचं पीठ चाळून कोंडा टाकू नका. एक चपाती कमी करा, तिच्या जागी मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ घ्या. परवडेल तेवढी ज्वारी आणा, पण ज्वारी आहे म्हणून चार भाकऱ्या नकोत. जेवल्यावर पडू नका, चाला. आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून या.